बायपासचे फोटो: उद्याची आठवण

सर्व सदस्यांना राम राम. बायपासचं काम कसं पुढं जातं ते दिसावं म्हणून दर खेपेला आपण त्याच जागांवरून तसेच फोटो घेतो. उद्या रविवार, सकाळी 8 वाजता नेहमीच्या जागी: नाल्यावरचा पूल, पांदणीचा फाटा आणि धुऱ्यावरचा कडुनिंब.

मागच्या खेपेला कडुनिंबाजवळचे फोटो आधीच्या फोटोंशी जुळलेच नाहीत. कोणी मोबाइल उभा धरला, कोणी झूम केला. बुंध्यावर आता चुन्याची रेघ मारली आहे. कोपर तिथं टेकवा, मोबाइल आडवा धरा, विजेचा खांब अगदी डाव्या कडेला आला की बटण दाबा. झूम नको म्हणजे नको.

सध्या काळी माती काढून मुरूम भरणं चालू आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढावी लागते. मुरुमावर रोलर फिरून खडीचा थर आला की खालचं काही दिसणार नाही. पोकलेन येण्याआधीचं तुरीचं वावर माझ्याकडूनच राहून गेलं, त्याची चुटपुट अजून आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरची एक लेन साधारण 105 तासांत डांबरून झाली होती. आपल्याकडे तेवढी घाई दिसत नाही, पण भरवसा कोणाचा?

फोटो ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणूनच टाका. साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि फोटोत नोंदलेली तारीख-वेळही जाते.

टिप्परच्या मागे उभं राहू नका. मजुरांचे चेहरे विचारल्याशिवाय घेऊ नका. आभाळ आलं तरी यायचं.