गच्चीवरच्या शाळेबद्दल, काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण समोर येऊन आभार मानले की तुम्ही विषय बदलता.

रात्री साडेआठला घाटकोपरला उतरणाऱ्या बाईने कॅम्पिंग शिकायचं कधी? त्यात वीकेंड शिबिरांची फी ऐकूनच माझा उत्साह मावळला होता. तुम्ही गोदीतले जुने खलाशी. म्हणालात, "कुकर लाव आणि गच्चीवर ये." नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली नायलॉनची दोरी, पावसाळ्यात खिडकीला लावतो ती निळी ताडपत्री आणि टाकीचा पाइप, एवढ्यावर शाळा सुरू झाली.

बोलाइनची गाठ तुम्ही डोळे मिटून बांधायला लावलीत, कारण रात्री पाऊस आला की बॅटरी धरायला तिसरा हात नसतो. कितीही ताण पडो, तिचा फास आवळत नाही आणि सोडताना नखंही तुटत नाहीत. दुसऱ्या टोकाला सरकती गाठ, कारण नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि ती गाठ सरकवून दोरी पुन्हा ताणता येते. सुती दोरी उलट आकसते. दोरी विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं हो! आणि ताडपत्रीची उतरती बाजू पश्चिमेकडे, आपला पावसाळी वारा तिकडूनच येतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाळ करायचा नाही, यावर तुम्ही ठाम होतात. म्हणून चुलीचा धडा थेट राजमाचीला, किल्ल्याजवळच्या उधेवाडी गावात, तिथल्या एका घरच्या मावशींना विचारून त्यांच्याच अंगणात. जमिनीवर पडलेली फांदी ओल धरून असते. झाडीत अडकलेली वाळकी काटकी कट्कन मोडते, ती घ्यायची. भिजलेला ओंडका कोयत्याने उभा फोडला तर आतला गाभा कोरडा निघाला. त्याच्या पातळ ढलप्या, खाली कापराची वडी, आणि चूल पेटली. टोपाला बाहेरून ओल्या राखेचा लेप दिल्यामुळे काजळी सहज निघाली. पिठल्याला धुराचा वास लागला होता. मला तो आवडला, ह्यांना नाही.

आता ऑफिसातल्या दोघी मागे लागल्यात, आणि लेक घरातल्या प्रत्येक खुर्चीला गाठी मारून ठेवते. त्याचं श्रेयही तुम्हालाच.

मनापासून आभार, काका. कोयत्याला धार लावायला शिकायचं राहिलंय. गुरुवारी गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मी घेऊन ठेवते, दगड तुमचा आणा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई