मध्यमेंदू आणि नाकाजवळची फट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'मध्यमेंदू जागृती' वर्गाची जाहिरात पाहिली. असल्याच एका वर्गाची पत्रकं आमच्या रामबागेतही वाटली गेली होती. मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागेल, अशी हमी! सुनेने दहा वर्षांच्या नातवाला तिथे घातलं. फी किती भरली ते लिहीत नाही, घरात शांतता हवी आहे.

परवा त्याने पट्टी बांधून बदाम सत्ती, इस्पिक राणी असं धडाधड ओळखून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. खोड जात नाही. त्याच्या नाकाखाली वहीचा पुठ्ठा आडवा धरला आणि पत्ते पुठ्ठ्याच्या खाली ठेवले. एकही ओळखता आला नाही. पट्टी आणि नाक यांच्यात फट राहते, तेवढीच काय ती जागृती. "आजोबा, तिथे सगळेच असं बघतात," पोर म्हणालं. रागावणार कोणावर?

मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या खोडाचा वरचा छोटा भाग. तो मुळात झोपलेला नसतोच. बुबुळं फिरवणं, आवाजाच्या दिशेला मान वळवणं यांत त्याचा हात असतो. त्यातल्या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन, म्हणजे कंपवात होतो. पत्रकात आणखी एक लोणकढी होती: माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो म्हणे. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव शरीराची २० टक्के ऊर्जा खातो. बिनकामाच्या अवयवाला शरीर इतकं पोसेल का?

मेंदूचं जे खरं कळलं, ते फार सावकाश. फक्त 'तान' एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये पॅरिसला तपासला, तोही रुग्ण गेल्यावर. तेव्हा डाव्या बाजूला पुढे इजा दिसली आणि बोलण्याचा त्या भागाशी संबंध लागला. बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या, पण छापल्या १९२९ मध्ये. मधली पाच वर्षं तो स्वतःच्याच नोंदींवर शंका घेत होता. आजच्या एफएमआरआयमधले (काम करत्या मेंदूच्या चुंबकीय चित्रणातले) रंगीत ठिपकेही विचार नव्हेत. कुठल्या भागात ऑक्सिजनचं रक्त जास्त आलं, एवढंच ते सांगतात.

अशी जाहिरात पुन्हा आली, तर छापण्याआधी त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याला कचेरीत बोलवा. पुठ्ठा मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर