सोलर इन्व्हर्टरचं अपडेट मालकाला न सांगता करू नका

संपादकसाहेब, नमस्कार.

घराच्या छतावर सोलर बसवायच्या सूर्यघर योजनेच्या बातम्या पेपरात नेहमी येतात, फेब्रुवारी २०२४ ला योजना सुरू झाली, ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं, एक कोटी घरांवर पॅनेल बसवायचेत, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण पॅनेल बसून नेट मीटर (घरात आलेली आणि घरातनं लाईनीत गेलेली वीज मोजणारा) लागल्यावर त्या घरात पुढं काय काय होतं यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवायचो, आता रिटायर आहे, फलटण तालुक्यात गावाच्या कडेला घर आहे. तरीपण मला जे शोधायला पाच आठवडे लागले ते ज्याचा विजेशी काही संबंध नाही त्या माणसाला कधीच सापडणार नाही, तो आपला कमी युनिट बघून गप्प बसेल.

आमचे सहा पॅनेल, सव्वातीन किलोवॅटच्या आसपास, चांगल्या उन्हाला रोज बारा-तेरा युनिट देतात. दीड वर्ष एक दिवस त्रास नाही. या फेब्रुवारीच्या शेवटी मात्र भर दुपारी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घराच्या लाईनीला जोडणारं मशीन, आपोआप बंद पडायला लागला. जिन्याखाली बसवलाय, आतला रिले (आपोआप पडणारा स्विच) पडला की टक्क असा आवाज येतो, लाल दिवा लागतो आणि स्क्रीनवर तीनशे सेकंदाची उलटी मोजणी सुरू होते, ती संपली की परत टक्क करून चालू, दहा मिनिटं चालतो की परत बंद. "अहो, ते जिन्याखालचं परत टकटक करायला लागलं बघा," असं घरातून दिवसाला चार वेळा ऐकायचो. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये रोजचा आलेख उपड्या पाटीसारखा गोल यायचा, तो करवतीच्या दातासारखा दिसायला लागला आणि बारा युनिटचे पाचवर आले.

गंमत अशी की एक आठवडा असं व्हायचं आणि पुढचा आठवडा सगळं व्यवस्थित, म्हणजे ज्याला बोलवावं तो येईपर्यंत बिघाड गायब. कंपनीच्या पोराला फोन केला तर म्हणला, "काका, तुमच्या लायनीला व्होल्टेज नाही, लाईटवाल्यांना सांगा." लाईटवाल्यांना सांगितलं, वायरमन आला, माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं मीटर लावून दाखवलं, १९१ व्होल्ट. आमच्या डीपीवर घरं पण आहेत आणि विहिरीच्या मोटारी पण, थ्री फेजची पाळी ज्या आठवड्याला दिवसा असते तेव्हा उसाला पाणी सोडायला सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज बसतं. तो म्हणला, "सर, दिवसपाळीला एवढंच असतं, दोन वर्षं झाली. तेव्हा चालत होता ना तुमचा इन्व्हर्टर?"

तिथं माझी ट्यूब पेटली. लाईन जुनीच, उन्हाळा पण नेहमीचाच, मग बदललं काय? अ‍ॅपमध्ये खाली खाली जाऊन बघितलं तर सॉफ्टवेअरच्या वर्जनचा नंबर वेगळा दिसला, आणि खाली अपडेटची तारीख, बिघाड सुरू व्हायच्या दोन दिवस आधीची. आम्हाला ना मेसेज ना फोन. इन्व्हर्टरला इंटरनेटशी जोडणाऱ्या वाय-फायच्या डोंगलमधून कुणीतरी लांबून नवीन फर्मवेअर घालून मोकळं झालं.

आता हे फर्मवेअर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इन्व्हर्टरच्या आतल्या चिपवर बसवलेला हा प्रोग्राम असतो, पॅनेलच्या डीसीचा एसी कसा करायचा, लाईन किती व्होल्टला आणि किती फ्रिक्वेन्सीला सोडायची, गेल्यावर परत किती वेळानं जोडायची, सगळं तोच ठरवतो. लाईट गेली की सोलर पण बंद होतं म्हणून लोक ओरडतात, ते पण त्याच्यातच असतं आणि ते असायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातनं शॉक बसेल. प्रत्येक देशाच्या मर्यादा वेगळ्या, म्हणून सेटिंगमध्ये देश निवडावा लागतो. आपल्याकडं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमात ८० ते ११० टक्के व्होल्टेज धरलंय, म्हणजे २३० ला हिशोब केला तर १८४ ते २५३. युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी खालची मर्यादा ८५ टक्के असते, म्हणजे साधारण १९६.

नेट मीटर लागला त्या दिवशी माझ्या मुलीनं हौसेनं सगळ्या स्क्रीनचे फोटो काढले होते. पुण्याहून तिनं ते व्हॉट्सअ‍ॅपला टाकले. त्यात स्पष्ट दिसतंय, देश भारत, खालचं व्होल्टेज १८४. आणि आता जिन्याखाली चष्मा लावून बघतो तर देशाच्या जागी दुसरंच काहीतरी आणि खालचं व्होल्टेज १९६. म्हणजे अपडेट होताना सेटिंग कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेलं होतं. १९१ व्होल्ट भारताच्या सेटिंगला चालतं, या नव्याला चालत नाही, म्हणून मोटारीच्या आठवड्यात टक्क आणि रात्रपाळीच्या आठवड्यात सगळं ठीक. तो फोटो नसता तर मी आजपण लाईनलाच शिव्या देत बसलो असतो. (लाईनीचं पण खरंय, घरगुती पुरवठ्याला सहा टक्क्याच्या वर फरक चालत नाही म्हणजे २१६ च्या खाली जायलाच नको, त्याची तक्रार मी वेगळी दिलीय.)

सापडलं म्हणून लगेच सुटलं असं पण नाही. सेटिंग दिसतं पण बदलायला पासवर्ड लागतो आणि तो बसवणाऱ्याकडं. असावा पण, कुणीही उठून व्होल्टेजची मर्यादा फिरवायला लागला तर अवघड होईल, याबद्दल माझी तक्रार नाही. पण फोटो पाठवून पण तिकडचा पोरगा म्हणतो, अजून नवीन वर्जन आलंय, ते घातलं की आपोआप नीट होईल, आणि त्यानं ते घालायला घेतलं संध्याकाळी साडेपाचला. ज्या इन्व्हर्टरला बॅटरी नाही त्याचं डोकं पॅनेलच्या विजेवरच चालतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं का? ६३ टक्क्यावर असताना ढग आला, मग ऊनच उतरलं, स्क्रीन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता लाल दिवा, अ‍ॅपमध्ये ऑफलाईन, आणि मोटारी बंद असून पण एक युनिट नाही. त्या सकाळी मला जी धाकधूक झाली ती सांगता येत नाही, पॅनेलसकट सगळं मिळून लाखाच्या वरचं काम आहे.

मग दोन दिवसांनी एक जुना अनुभवी टेक्निशियन आला, त्यानं जे केलं ते मी शेजारी उभं राहून वहीत लिहून घेतलं. अकरा वाजेपर्यंत थांबला, ऊन पक्कं झाल्याशिवाय हात लावला नाही. फर्मवेअर पेन ड्राईव्हवरनं घालायचं होतं, माझा ६४ जीबीचा होता तो इन्व्हर्टरनं वाचलाच नाही, मग १६ जीबीचा घेतला, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला, फाईलचं नाव जसं आलं तसंच ठेवलं. आत दोन बोर्ड असतात, एक वीज सांभाळणारा आणि एक स्क्रीन-वाय-फाय सांभाळणारा, दोन्हीच्या फाईली वेगळ्या, आमचा अडकला होता तो यामुळंच की एक बोर्ड नवीन वर्जनवर गेला आणि दुसरा जुन्यावर राहिला, दोघांचं जमेना. कंपनीनं दिलेल्या क्रमानं एक फाईल घातली, चालू होऊ दिलं, मग दुसरी घातली. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. त्यानंतर त्यानं जे केलं ते महत्त्वाचं, देश परत भारत केला, १८४ बघितलं, २५३ बघितलं, परत जोडायचा वेळ बघितला आणि मला म्हणला, सर, फोटो काढून ठेवा.

ज्यांच्याकडं वाय-फायवरनंच अपडेट येतं त्यांनी एवढं तरी बघा. बहुतेक डोंगल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, राऊटरवर दोन्ही बँडला एकच नाव असेल तर डोंगल मधेच सुटतं, अपडेटपुरतं मोबाईलचा हॉटस्पॉट २.४ ला लावून जवळ ठेवला तर बरं. राऊटर साध्या लाईटवर असेल आणि भारनियमनाची वेळ असेल तर त्या दिवशी नकोच. अडकलं म्हणून घाईनं बंद-चालू करू नका, अर्धा तास जाऊ द्या. बंद करायचीच वेळ आली तर आधी एसीचा एमसीबी, मग डीसीचा स्विच, आणि स्क्रीन विझल्यावर पण दहा मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. चालू करताना कंपनीच्या पुस्तकात दिलाय तोच क्रम. आणि पॅनेलकडनं येणारे ते काळे कनेक्टर उन्हात चालू असताना ओढू नका, आमच्या सहा पॅनेलचे अडीचशे व्होल्ट डीसी होतात, डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही, ओढत ओढत लांब होते आणि हात भाजतो. झाकण उघडणं हे तर आपलं काम नाहीच.

अपडेटला माझा विरोध नाही, कृपा करून असा अर्थ काढू नका. जर्मनीत २०१२ च्या सुमारास तीन लाखाच्या वर सोलर प्लांटच्या सेटिंग बदलाव्या लागल्या, कारण फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झ झाली की ते सगळे एकदम बंद पडतील आणि ग्रीड कोसळेल अशी भीती होती, आणि तिथं माणसं एकेका जागी पाठवावी लागली. हवाईमध्ये २०१५ ला एका कंपनीनं आठ लाख छोट्या इन्व्हर्टरचं सेटिंग ऑफिसात बसून एका दिवसात बदललं. सोय म्हणून केवढी मोठी गोष्ट आहे ही. पण ज्या वायरीतनं एका दिवसात आठ लाख इन्व्हर्टर सुधारता येतात त्याच वायरीतनं ते बिघडवता पण येतात, आणि आपल्याकडं तर आता गावोगाव तालुक्यागणिक पॅनेल बसतायत, बहुतेकांची डोंगल कुणाच्या तरी सर्वरला जोडलेली आहेत. माझ्या एकट्याचे पाच आठवड्यात दीडशेच्या आसपास युनिट गेले, ते पण मार्चअखेरीच्या तोंडावर, जेव्हा वर्षाचा नेट मीटरचा हिशोब होतो. एका फालतू वर्जननं तालुक्यातल्या सगळ्यांचे गेले तर ते कोण मोजणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. इन्व्हर्टर मी पैसे भरून घेतलाय, अनुदान सरकारचं असलं तरी मालक मी आहे, तर अपडेट घालायच्या दोन दिवस आधी मला मराठीत मेसेज यावा, काय बदलणार, का बदलणार आणि मी नको म्हणलो तर थांबणार का. अ‍ॅपचं मुख्य खातं मालकाच्या नावावर पाहिजे, आज बहुतेक ठिकाणी ते बसवणाऱ्याच्या ईमेलवर असतं, उद्या त्यानं धंदा बंद केला की आपण आपल्याच घरातल्या मशीनला परके. नेट मीटरच्या कागदांसोबत सेटिंगचा एक छापील कागद द्यावा, देश कुठला, व्होल्टेज किती, फ्रिक्वेन्सी किती, वर्जन कुठलं, खाली सही. आणि योजनेत बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहेच, त्यात अपडेटनंतर सेटिंग तपासणं धरलंच पाहिजे, नुसतं पॅनेल धुणं म्हणजे देखभाल नव्हे. इन्व्हर्टरला आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९ या भारतीय मानकांची सर्टिफिकेट बघूनच आपण घेतो, पण ज्या सेटिंगवर ती चाचणी झाली ते सेटिंगच अपडेटनं बदलत असेल तर त्या कागदाला किंमत काय राहिली, याचं उत्तर संबंधित खात्यानं जाहीर द्यावं असं मला वाटतं.

ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी आजच, हे पत्र वाचून झालं की, इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर जेवढी पानं दिसतात तेवढ्यांचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. अ‍ॅपमधलं वर्जन पण. अक्षर बारीक असतं, टॉर्च लावून काढा. आम्ही त्या फोटोची प्रिंट काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीत चिकटवलीय. परवा परत दिवसपाळी सुरू झाली, दुपारी १८९ व्होल्ट होते, मी तासभर जिन्याखाली खुर्ची टाकून बसलो होतो, एकदा पण टक्क झालं नाही.

आपला,
एक निवृत्त आयटीआय शिक्षक,
ता. फलटण, जि. सातारा