पा, तुमचे आभार राहूनच गेले होते

प्रिय पा,

तुम्हाला मराठी येत नाही, आणि मला लाओ भाषेतले जेमतेम तीस-चाळीस शब्द येतात. तरी पत्र मराठीतच लिहिते आहे, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. इंग्रजी करून तुमच्या भाचीला पाठवीन, ती वाचून दाखवेल. आणि चारचौघांसमोर लिहिते आहे ते अशासाठी की, पाठीवर सॅक टाकून त्या बाजूला निघणाऱ्या आमच्याकडच्या मुलामुलींनी तुमच्याबद्दल वाचावं.

"पा" म्हणजे आईबाबांपेक्षा थोरली मावशी किंवा आत्या, हेसुद्धा तुमच्याच घरी कळलं. तुमचं नाव मी कधी घेतलंच नाही, आताही घेत नाही.

तुमच्याकडे पोचले तेव्हा थायलंडमध्ये तीन आठवडे काढून झाले होते. बँकॉक, अयुथ्या, च्यांग माय. हात जोडून नमस्कार, भिंतींवर रामायण, दाराशी काढलेल्या चपला... सगळं ओळखीचं वाटत होतं, आणि मी मनात म्हणत होते, हा तर आपलाच मुलूख. मग च्यांग खोंगजवळ मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडून लाओसमध्ये शिरले. २०१३ साली सुरू झालेला हा पूल. अलीकडे गाड्या डावीकडून धावतात, पलीकडे उजवीकडून. तेवढाच फरक माझ्या लक्षात आला.

हुआय सायहून दोन दिवस संथ बोटीत, मधली रात्र पाकबेंगला. लुआंग प्राबांगचा धक्का गावापासून दहाएक किलोमीटर लांब. तिथल्या घाईगर्दीत माझी सॅक दुसऱ्याच टुकटुकमध्ये गेली, आणि तुमच्या घरगुती गेस्टहाऊसच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्याजवळ पासपोर्टची पिशवी आणि अंगावरचे कपडे एवढंच होतं. दोन दिवस पोटात नीट अन्न नव्हतं. टेबलामागे बसलेल्या मुलावर मी आवाज चढवला. त्याचा काय संबंध? काहीही नव्हता. तो हसला. ते हसू बघून माझं डोकं आणखीच फिरलं, आणि मी जे बोलले ते आठवलं की आजही घशाशी येतं.

तुम्ही आतून आलात. मला रागावला नाहीत. माझ्या पायांकडे एकदा बघितलंत, बूट घालूनच मी आत आले होते. ओणव्या होऊन तुम्ही स्वतः माझ्या नाड्या सोडायला लागलात, तेव्हा मी मागे सरले आणि तिथेच खाली बसून रडले. तुम्ही पाण्याचा पेला ठेवलात, दोन फोन केलेत. तासाभरात सॅक आली. ती घेऊन आला तो तोच मुलगा, मोटारसायकलवरून, पावसात भिजलेला. सॅकवर मात्र त्याने स्वतःचं जाकीट घातलं होतं.

रात्री तुमच्या भाचीने त्या हसण्याचा अर्थ सांगितला. समोरच्याचा तोल गेला की आपण हसायचं, म्हणजे त्याची लाज राखली जाते. मी ज्याला चेष्टा समजले ते मला सांभाळून घेणं होतं. अनोळखी खाणं, अनोळखी लिपी याची मनाची तयारी करून गेले होते. ओळखीच्या गोष्टीचा अर्थ उलटा निघेल, ही तयारी नव्हती.

मी शाकाहारी आहे, हे तुम्हाला समजावताना आपण दोघी दमलो होतो. मासे नकोत म्हटलं तरी पपईच्या कोशिंबिरीत पादेक असतोच, आंबवलेल्या माशांचा तो दाट रस. तुमच्या लेखी तो मासा नव्हे, मिठासारखाच. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चुलीपाशी बसवलंत. कोळशावर वांगी भाजलीत, मिरच्या-लसूण भाजलात, आणि सगळं दगडी खलबत्त्यात कुटलंत. वरून कोथिंबीर. नाम पाची, म्हणजे माशांच्या खारट पातळ सॉसची, बाटली माझ्यासमोर उचलून लांब ठेवलीत. ते भरीत होतं, पा. अगदी आमच्या घरचं भरीत. बांबूच्या टोपलीतला चिकट भात हाताने वळून त्याला लावून खाल्ला. जेवण झाल्यावर टोपलीचं झाकण उघडं ठेवून मी उठले, तर तुम्ही ते पटकन लावलंत. उघडं ठेवणं अशुभ असतं.

मग वहीचं पान फाडून तुम्ही लाओत चार ओळी लिहून दिल्यात: ही मुलगी मांस, मासे, पादेक, नाम पा खात नाही. तो कागद घेऊन मी व्हिएंटियानला जेवले, आणि थेट दक्षिणेत चंपासाकला, वाट फूच्या डोंगरातल्या जुन्या शिवमंदिराच्या वाटेवरही जेवले. घड्यांवर फाटला म्हणून आता चिकटपट्टी लावली आहे.

पहाटेच्या भिक्षेला तुम्ही मला नेलंत ती सकाळ मात्र जड गेली. खांद्यावरून पट्टा घेऊन, गुडघे टेकून बसवलंत. फोन वर केला तर हात धरून खाली केलात. भिक्खूंना बाईचा स्पर्श चालत नाही म्हणून भाताची चिमूट पात्रात कशी सोडायची ते दाखवलंत. संतांच्या पायावर डोकं ठेवणाऱ्या घरात मी वाढले, मला ते लागलं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण रस्त्यापलीकडे भिक्खूंच्या तोंडासमोर कॅमेरे धरणारे पाहुणे बघितले, तेव्हा तुम्ही माझा हात का धरलात ते कळलं.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून वार शिकले. वान आथित, वान चान, वान आंगखान. आदित्य, चंद्र, अंगारक! मंगळवारी चतुर्थी आली की आमच्याकडे अंगारकी म्हणतात, हे मी हातवारे करून सांगत होते आणि तुम्ही मान डोलावत होतात. किती कळलं कोण जाणे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी बासी हा विधी केलात. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान, म्हणजे जीवाला सांभाळणारे आत्मे, असतात, प्रवासात ते इकडेतिकडे भटकतात, त्यांना हाक मारून परत बोलवायचं आणि पांढऱ्या दोऱ्याने मनगटाशी बांधायचं. शेजारपाजारच्या बायकांनी एकेक दोरा बांधला. तो मुलगाही आला. मान खाली घालून, हात न थरथरता त्याने गाठ मारली. दोरे तीन दिवस ठेवायचे असतात. त्याचा मी सांगलीला पोचेपर्यंत ठेवला, आणि मग कापला नाही, गाठ सोडवून देव्हाऱ्यात ठेवला.

तुम्हाला मी जाताना खोप चाय लाय लाय, खूप खूप आभार, म्हटलं होतं. आज पुन्हा म्हणते. त्याला मात्र काहीच बोलले नव्हते. तेव्हा शब्दच येत नव्हता. नंतर शिकले, खो थोत, म्हणजे माफ कर. त्यातला थोत म्हणजे आमचाच दोष. पा, तो अजून तिथे असेल तर त्याला माझं खो थोत सांगाल?

तुमची,
सांगलीची मुलगी