पा, तुझ्याकडचा शर्ट अजून माझ्याकडेच आहे

पा,

हे तुला वाचता येणार नाही, माहितीये. तुझा नातू फोनवर ट्रान्सलेट करून दाखवेल आणि त्यातून काय निघेल देव जाणे, मागे मी "पोट भरलं" असं टाइप केलं होतं तर तू हसत हसत खालीच बसलीस आणि त्यात काय वाचलंस ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. तरी लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण इथे जो तो विचारतो की थायलंडला गेलास म्हणजे पटाया केलं असशील, आणि मी लोएई प्रांत, त्यातलं तुझं दान साई गाव असं सुरू केलं की समोरचा मोबाईल काढतो.

(वाचणाऱ्यांसाठी: थायमध्ये पा म्हणजे आईची किंवा बाबांची मोठी बहीण, आणि तिथे कुठल्याही मोठ्या बाईला पा म्हणतात. आमच्याकडे मावशीला अगं-तुगंच चालतं, म्हणून मी पण तेच करतोय. "पाला आभार" असं टायटल देणार होतो पण ते पालापाचोळ्याचे आभार मानल्यासारखं वाटत होतं.)

त्या रात्री बसमधून उतरलो तर पाऊस धो धो, आणि जिथे रूम बुक केली होती तिथल्या माणसाने वही उघडून दाखवली, माझं नावच नाही. थोडी चूक माझी पण होती. फी ता खोन, म्हणजे तुमचा तो भुतांच्या मुखवट्यांचा सण, त्याची तारीख कॅलेंडरवर छापून येत नाही, चाओ फो कुआन, म्हणजे ज्याच्या अंगात गावच्या राखणदार देवता येतात तो मानकरी, तो दरवर्षी ठरवतो, कधी जून कधी जुलै, आणि ती कळली की सगळ्या रूम दोन दिवसांत संपतात. आमच्याकडे देवाला कौल लावतात तसंच, हे मला समजायला हवं होतं, पण मी ॲपवर घाईघाईत मिळेल ते बुक करून मोकळा झालो. तू नूडल्सची टपरी आवरत होतीस. काही न विचारता पहिलं काय बोललीस तर "किन खाव रू यांग?" जेवलास का! मला तेवढी पाच-सहाच वाक्यं येत होती आणि त्यातलं हे एक होतं, पा, मला रडूच यायचं बाकी होतं. वाडगाभर गरम नूडल्स, मग हाताला धरून घरी, चटई, मच्छरदाणी, आणि वर फॅन माझ्याकडे वळवून तू स्वतः उकाड्यात झोपलीस. पैसे शेवटपर्यंत घेतले नाहीस. नूडल्सचे 40 बाथ मात्र सकाळी मोजून घेतलेस, धंदा तो धंदा.

आता शर्टाचं. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत लाल टीशर्ट घालून प्रा थात सी सोंग राक हा स्तूप बघायला निघालो होतो. तू दारातच अडवलंस आणि टीशर्टला हात लावून "माय दाय, माय दाय", म्हणजे नाही चालणार, करत राहिलीस, मला वाटलं मळलाय. मग आत जाऊन काकांचा तो निळा मो होम शर्ट आणलास, शेतकरी घालतात तो, आणि माझ्या अंगावर चढवूनच सोडलास. तिथे पोचल्यावर बोर्ड बघितला. त्या स्तूपापाशी लाल काही चालत नाही, कपडे नाही, छत्री नाही, फुलं पण नाही. 1560 मध्ये अयुथ्याचा राजा चक्रफत आणि लान सांगचा, म्हणजे आताच्या लाओसकडचा, राजा सेत्थाथिरात यांनी बर्मी लोकांविरुद्ध एकमेकांना साथ द्यायची असं ठरवून मैत्रीची खूण म्हणून तो बांधला, आणि लाल म्हणजे रक्त, मैत्रीच्या जागी रक्ताचा रंग कशाला. गेटवर एक गोरा मुलगा लाल बॅग घेऊन उभा होता, त्याला बाहेरच ठेवलं होतं, आणि मी मात्र काकांच्या शर्टात गावातलाच असल्यासारखा आत गेलो.

पण मला आभार खरं तर कॅमेऱ्याचे मानायचेत. म्हणजे तू तो काढून घेतलास त्याचे. मी दुपारभर ओसरीवर मुखवटे करणाऱ्या पोरांचे फोटो काढत बसलो होतो, शंभर तरी काढले असतील, आणि तू येऊन तो माझ्या गळ्यातून काढलास, फ्रीजवर ठेवलास आणि माझ्या हातात फाटकी हुआत दिलीस. हुआत म्हणजे चिकट भात वाफवायची बांबूची टोपली. फी ता खोनच्या मुखवट्याला वर जी टोपी असते ती हीच, उलटी करून कडा वर वळवलेली, आणि तोंड म्हणजे नारळाच्या झावळीचा बुंधा! आम्ही लहानपणी त्याचीच बॅट करायचो पा, गुहागरात निम्मं क्रिकेट त्याच्यावर झालंय, आणि इथे त्याला डोळ्यांची भोकं पाडून हत्तीच्या सोंडेसारखं लांब लाकडी नाक लावून भूत केलं होतं. जोडायचं काम तू मला दिलंस. सुई बोटात तीनदा गेली. तुझा नातू रंगवत होता, माझ्या मुखवट्याला त्याने मिशा काढल्या, बहुतेक माझ्याच. अंगावर जुन्या चादरींची ठिगळं आणि कमरेला गुरांच्या गळ्यातल्या घंटा, ते बांधून मी उठलो आणि खण खण वाजलं तेव्हा मला एकदम आमच्या शिमग्यातला संकासुर आठवला, काळे कपडे, टोकदार टोपी, कमरेला घुंगरं, पोरं पळतायत. हे तुला तेव्हा सांगायचं होतं पण फोन चार्जिंगला होता.

ती लाकडी तलवार आणि तिची लाल रंगाची लिंगाच्या आकाराची मूठ, त्याबद्दल मी आईला काही सांगितलेलं नाही. पण मला त्यात लाजायचं काय तेही कळलं नाही, पाऊस यावा, शेत पिकावं म्हणून खेळायचं ते, आमच्या शिमग्यात पण देवाच्या नावाने जे काही ओरडतात ते इथे लिहिता येणार नाही.

पहाटे तीनला तू मला उठवलंस ते मात्र तेव्हा आवडलं नव्हतं. अंधारात वात फोन चायकडून (वात म्हणजे बौद्ध मंदिर) नदीवर, सगळे मेणबत्त्या घेऊन. एकजण मान नदीत बुडी मारतो, दगड वर काढतो आणि विचारतो, हेच का प्रा उप्पाखुत? काठावरचे म्हणतात नाही. पुन्हा बुडी, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळेला पांढरा दगड येतो आणि सगळे हो म्हणून ओरडतात, मी पण ओरडलो, कशाला ते माहीत नसताना. नंतर शोधलं तेव्हा कळलं की हा उप्पाखुत म्हणजे आपला मथुरेचा उपगुप्त, अशोकाच्या काळातला म्हणतात तो भिक्खू, आणि तो पाण्यात राहतो आणि सणात माराने, म्हणजे बुद्धाला सतावणाऱ्या त्या सैतानाने, विघ्न आणू नये म्हणून त्याला बोलावून आणतात. तिथून चाओ फो कुआनच्या घरी. तिथे म्हाताऱ्या बायकांनी सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला, तू माझ्या बांधलास आणि बांधताना काहीतरी पुटपुटत होतीस. नातवाने सांगितलं की माणसात 32 ख्वान, म्हणजे जीव म्हण, असतात, प्रवासात घाबरला, दमला की त्यातले काही मागे राहतात, त्यांना परत बोलावून बांधून ठेवायचं. माझे त्या गेस्टहाऊसच्या दारात दोन-चार नक्की राहिले असतील.

मेन रोडवरची परेड मला खास वाटली नाही, खोटं कशाला बोलू. स्पीकर, स्टेज, बॅनर, सेल्फीला रांग. तू मागच्या गल्लीत ढकललंस म्हणून बरं, तिथे भुतं घराघरात घुसून भात आणि दारू मागत होती, एक भूत तुझ्या टपरीवर उधारी सांगत होतं, आणि मी मुखवट्यातून काही दिसत नसताना सरळ गटारात. चाओ फो कुआन पावसासाठी उडवतात त्या बांबूच्या रॉकेटांवर बसून खांद्यांवरून आला आणि नाणी उधळत गेला, मला एक मिळालं, पाकिटात आहे. प्रिन्स वेत्सान्दोन वनवासातून शहरात परत आला तेव्हा त्याच्या प्रेमापोटी रानातली भुतं पण माणसांमागून आली, म्हणून हा सगळा खेळ, असं तू मिठाच्या-तिखटाच्या बाटल्या मांडून मला समजावलंस, फिश सॉसची बाटली राजपुत्र होती.

आणि ही गोष्ट मी आधी बघितलेली होती पा! तिसऱ्या दिवशी वातात त्याच कथेची तेरा प्रकरणं दिवसभर वाचतात, तू पुढे बसलेलीस, मी खांबाला टेकून पेंगत होतो, भिंतीवरच्या चित्रात एक पोट सुटलेला भिकारी बामण दोन पोरांना ओढून नेत होता आणि मला एकदम जाग आली. शाळेच्या सहलीला अजिंठ्याला नेलेलं, 17 नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक आहे, तोच राजपुत्र, हत्ती दान करणारा, पोरं दान करणारा. आमच्या गाईडने टॉर्च मारून दाखवलं आणि आम्ही सगळे बाहेर कधी सोडतात त्याची वाट बघत होतो. तुला सांगायला उठलो तर तू डोळे मिटून हात जोडून ऐकत होतीस, म्हणून परत बसलो. कथा तुला अख्खी पाठ आहे, तरी पोरांना नेतात तिथे तू डोळे पुसलेस, बघितलं मी.

शेवटच्या संध्याकाळी मी मुखवटा बॅगेत घालत होतो आणि काका म्हणाले पूर्वी हे नदीत सोडायचे, अपशकुन घरात नको. मी घाबरून तुझ्याकडे बघितलं, तर तू त्यात चिकट भात बांधून दिलास, पानात गुंडाळून, सोबत पला राची, म्हणजे आंबवलेल्या माशाची, चटणी. त्या चटणीचा वास बॅगेला अजून येतो. आई म्हणाली सुकट आणलीस का.

दोरा तीन दिवस तरी ठेव म्हणालेलीस, मी तो तुटेपर्यंत ठेवला, ऑफिसात आंघोळ करतोस ना असं विचारून झालं लोकांचं. मुखवटा हॉलमध्ये लावलाय. पुढच्या वर्षीची तारीख ठरली की नातवाला मला मेसेज करायला सांग, या वेळी रूम बुक करणार नाही.

काकांचा शर्ट धुऊन ठेवलाय. खालचं एक बटण नव्हतं, ते आईने लावलंय, घरात निळं नव्हतं म्हणून पांढरं आहे, काकांना सांग चालवून घ्या.