मंडळाच्या गेमिंग खोलीसाठी सभासद, हितचिंतक व माजी कार्यकर्त्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या तळमजल्यावरील गेमिंग खोलीत आज चारच संगणक चालू आहेत आणि संघ मात्र पाच जणांचा आहे. पाचवा मुलगा दर वेळी कुणाचा तरी लॅपटॉप मागून आणतो. खोलीला इन्व्हर्टर नाही, वायरिंग अजूनही जमिनीलगत आहे आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. मंगळवारी रात्री कार्यकारिणीची बैठक झाली. खोली नीट उभी करायची, नाहीतर कुलूप लावायचे, याचा निर्णय 31 मेपर्यंत घ्यायचा असे त्यात ठरले. कुलूप लावावे असे कुणालाच वाटत नाही, म्हणून सचिव या नात्याने हे पत्र आपल्यापुढे ठेवत आहे.

या खोलीत नेमके काय चालते, असे गेल्या वर्षी अनेकांनी विचारले. काहींनी न विचारताच उत्तर ठरवून टाकले. म्हणून या वेळी एका मुलाविषयी जरा सविस्तर लिहितो. त्याचे नाव देत नाही, कारण तो अजून अठरा वर्षांचा झालेला नाही आणि त्याच्या आईवडिलांची तेवढी एकच विनंती आहे.

हा मुलगा 2022 च्या पावसाळ्यात, आठवीत असताना, आपल्याकडे आला. वडील बुटीबोरीला पाळीत काम करतात, आई घरी शिवणकाम करते. टाळेबंदीतील ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही हातातून सुटला नव्हता. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळणे, सकाळी शाळेत डोळे मिटणे, घरी कुणी बोलले की ताट सरकवून उठणे, हे सारे त्याच्या आईने आमच्या कार्यालयात बसून सांगितले होते. खेळात त्याचा हात चांगला होता, पण त्याच्याबरोबर खेळायला कुणी तयार नसे. हरला की सोबत्यांना शिव्या द्यायचा. एका रविवारी त्याने हेडफोन टेबलावर इतक्या जोरात आपटला की त्याची दांडी मोडली.

आपल्या खोलीचा नियम साधा आहे: जो मोडेल त्याने भरून द्यायचे, आणि पैसे नसतील तर काम करून द्यायचे. त्याच्या वाट्याला अभ्यासिकेतील पुस्तकांची नोंदवही आली. आपल्या अभ्यासिका सांभाळणाऱ्या बाईंनी त्याला आठ रविवार समोर बसवून ती वही नव्याने लिहून घेतली. त्याला ते काम आवडले असे मी म्हणणार नाही. पण नवव्या रविवारी तो न बोलावता आला आणि बाईंकडून एक दोनशे पानी वही मागून घेऊन गेला.

ती वही मी पाहिली आहे. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली होती. डावीकडे ‘मी काय पाहिले’, उजवीकडे ‘मी काय सांगितले’. व्हॅलोरंट या खेळात पाच विरुद्ध पाच असा सामना होतो, तेरा फेऱ्या आधी जिंकणारा संघ विजयी ठरतो, आणि बारा फेऱ्यांनंतर चढाई करणारे बचावाला जातात व बचाव करणारे चढाईला. प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने येत आहे हे एकाला दिसते, पण बाकीच्या चौघांना ते त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. हरलेल्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पाहून त्याने प्रत्येक फेरी वहीत उतरवली होती. डावा रकाना भरलेला आणि उजवा बहुतेक ठिकाणी रिकामा. खाली पेन्सिलने एकच वाक्य होते, ‘मी पाहतो पण सांगत नाही, मग ओरडतो.’ चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याच चुकीवर असे बोट ठेवताना पाहिले, तेव्हा ही खोली कशासाठी आहे हे मला नीट समजले.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपल्यापैकी कुणीच विसरलेले नाही. घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या होत्या, मंडपात गणपती होते, आणि मध्यरात्रीनंतरच्या त्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. आपल्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होते. सहाही संगणक भिजले. सकाळी पाणी ओसरल्यावर आम्ही मोठी माणसे गोंधळलेलीच होतो आणि कुणीतरी एक बटण दाबून पाहण्यासाठी हातही पुढे केला होता. तेव्हा हा मुलगा दारातून ओरडला, ‘‘काका, चालू नका करू कोनी. पाणी आत असन तर जळून जाईन.’’ त्याने सहाही कॅबिनेट उघडले, आतले सुटे भाग काढले, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने क्रमांक टाकला आणि गच्चीवरच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांवर ओळीने मांडले. दात घासायच्या मऊ ब्रशने त्याने चिखल काढला आणि चार दिवस कुणाला काही चालू करू दिले नाही. त्यातले चार संगणक वाचले, ते आजही चालू आहेत. नंतर तपासायला आलेल्या तंत्रज्ञाने विचारले, ‘‘हे कोणी केले?’’ आम्ही बोट दाखवले, तेव्हा तो मुलगा तिथे नव्हता. खालच्या गल्लीत पिण्याच्या पाण्याच्या कॅन पोहोचवणाऱ्या पोरांबरोबर तो गेला होता.

पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपण मंडपाशेजारी पडदा लावून मुलांची स्पर्धा घेतली. तिचे मराठीतून समालोचन कुणी करायचे, हा प्रश्न होता. ज्यांना आपण सगळे मास्तर म्हणतो आणि ज्यांच्या आवाजावर आपल्या मैदानातले कबड्डीचे सामने रंगले, त्यांनी या मुलाला पंधरा दिवस संध्याकाळी समोर बसवले. मास्तरांना संगणकावरचा खेळ कळत नव्हता आणि मुलाला बोलण्याची लय कळत नव्हती. ‘‘आधी खेळाडूचे नाव, मग हालचाल, आणि गुण मिळाला की दोन श्वास गप्प, लोकांना ओरडू दे,’’ एवढाच मास्तरांचा धडा होता. त्या रात्री स्पाइक, म्हणजे खेळातली स्फोटक वस्तू, ठेवल्यानंतर स्फोटाला पंचेचाळीस सेकंद आणि ती निकामी करायला सात सेकंद लागतात, हे त्याने अशा रीतीने समजावले की आरतीला आलेल्या आज्या खुर्च्या ओढून शेवटपर्यंत बसल्या. ज्याच्या तोंडी दोन वर्षांपूर्वी फक्त शिव्या होत्या, त्याचे हे बोलणे ऐकताना त्याची आई मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती.

आता तो अकरावीत आहे. दहावी नीट पार पडली. शनिवारी दुपारी तो लहान मुलांना आणि रविवारी सकाळी मुलींच्या गटाला शिकवतो. मुलींच्या गटाची मागणी त्यांच्या आयांनीच केली होती आणि त्या वेळी त्या अभ्यासिकेत बसून असतात. मारबतीच्या मिरवणुकीत आपल्या स्वयंसेवकांची नेमणूक गेल्या वर्षी त्यानेच लावली.

आपल्यातील काही ज्येष्ठांना या खेळांची काळजी वाटते आणि ती अकारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, ते वर्गीकरण 2022 पासून लागू झाले. म्हणूनच आपल्या खोलीत दिवसाला दोन तासांच्या वर कुणी बसत नाही, पालकांची लेखी संमती लागते, तेरा वर्षांखालील मुलांना बुद्धिबळ आणि फुटबॉल यांशिवाय काही दिले जात नाही, आणि पैसे लावून खेळायचा कोणताही खेळ पहिल्या दिवसापासून बंद आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांना, त्यांपासून वेगळे काढून मान्यता दिली. आपण हा फरक त्याआधीच पाळत होतो, याचा मला सचिव म्हणून अभिमान आहे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हे खेळ केवळ प्रात्यक्षिक म्हणून होते, हांगझोच्या स्पर्धेत, म्हणजे 2023 मध्ये, त्यांना पदके मिळाली. आणि डोक्याने खेळायच्या खेळाची किंमत नागपूरला कुणी सांगावी? आपल्याच शहराच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा सारे नागपूर आनंदले होते. चौसष्ट घरांवर बसलेल्या मुलीचे आपल्याला कौतुक वाटते, तसेच पडद्यासमोर शिस्तीने बसलेल्या मुलाचेही वाटावे, एवढेच माझे मागणे आहे.

ही खोली ज्यांच्यामुळे उभी राहिली त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आपल्या काकांनी ही जागा एक रुपयाही भाडे न घेता दिली आणि दरवर्षी रंगरंगोटीचा खर्च स्वतः केला. इतवारीतील त्यांच्या मित्राने वायर, स्विच आणि बोर्ड खरेदीच्या भावात दिले आणि दुकान बंद करून स्वतः मोजमाप घ्यायला आले. महालमधील सुतारदादांनी टेबले करताना मजुरी अर्धी घेतली, वर प्रत्येक टेबलाच्या कडा मुलांच्या मनगटांना लागू नयेत म्हणून गोल करून दिल्या. महिला मंडळाच्या भिशीतल्या सतरा जणींनी त्या वर्षीचा पहिला हप्ता सगळ्याच्या सगळा या खोलीला दिला. ज्या वहिनींचा नंबर लागला होता, त्यांच्या घरी त्या महिन्यात मुलीचे बाळंतपण होते, तरी त्यांनीच आधी हात वर केला. संत्र्यांच्या व्यापारात हयात घालवलेल्या आपल्या दिवंगत आजोबांच्या कुटुंबाने त्यांच्या वर्षश्राद्धाचा खर्च कमी करून पोलादी कपाट दिले. आणि आपल्याच अभ्यासिकेत शिकून आता बंगळुरूला नोकरी करणाऱ्या एका जुन्या कार्यकर्त्याने पुरानंतर, कुणी मागितले नसताना, दोन ग्राफिक्स कार्डे पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत ‘पावती नको’ असे लिहिले होते. पावती आम्ही फाडलीच, ती आजही फायलीत आहे.

आता थोडे मनातले. गेल्या उन्हाळ्यात मी आणि सहसचिवांनी घरोघर फिरून चाळीस पत्रे दिली. उत्तर सहा घरांतून आले. सर्वसाधारण सभेला बत्तीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांतल्या अकरा भरल्या. उत्सवाच्या ध्वनिक्षेपकासाठी वर्गणी दोन संध्याकाळी गोळा होते, ती व्हावी, तिला माझा विरोध नाही. पण त्याच दारात या खोलीचा विषय काढला की ‘‘मंडळ पोरांना बिघडवून राहिले,’’ असे ऐकावे लागते, तेव्हा वाईट वाटते. बोलणाऱ्यांपैकी एकही जण खोलीत येऊन पाच मिनिटे उभा राहिला असता, तर मला हे लिहावे लागले नसते.

त्याचा परिणाम गेल्या हिवाळ्यात मुलांनी भोगला. बाहेरच्या एका स्पर्धेच्या पात्रता फेरीत आपला संघ इथूनच खेळत होता आणि अकरा विरुद्ध नऊ असा पुढे होता. वीज गेली. ती परत आली तोवर नियमाने दिलेला थांबण्याचा वेळ संपला होता आणि सामना दुसऱ्या संघाला गेला. पाचही मुले अंधारात हेडफोन कानाला लावून बसली होती. मला वाटले, आता काहीतरी आपटले जाईल. आपला कर्णधार, तोच मुलगा, उठला, त्याने पाचही हेडफोन गोळा करून खुंटीला लावले, सर्वांत लहान खेळाडूच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर नेले आणि चौकातल्या गाडीवर सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. वहीत त्या दिवशीच्या पानावर दोन्ही रकाने भरलेले आहेत आणि खाली फक्त ‘लाइट’ असे लिहिले आहे. तेवढी एक गोष्ट मुलांच्या हातात नव्हती, ती आपल्या हातात होती.

खर्चाचा तपशील असा: इन्व्हर्टर व बॅटऱ्या 72,000, वायरिंग कमरेच्या उंचीवर घेणे व अर्थिंग 24,000, दोन संगणक 96,000, दुसरी इंटरनेट जोडणी वर्षभरासाठी 15,000, मुलांचा स्पर्धांसाठी प्रवास 33,000, एकूण रुपये 2,40,000. पैकी 61,500 जमा आहेत (यात कार्यकारिणीच्या सदस्यांची वर्गणी आली), म्हणजे 1,78,500 हवेत. रक्कम धनादेशाने किंवा मंडळाच्या खात्यावर द्यावी, खात्याचा क्रमांक सूचनाफलकावर आहे, रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. चालू स्थितीतील मॉनिटर, कीबोर्ड, हेडफोनही चालतील, बंद वस्तू कृपया आणू नयेत, ठेवायला जागा नाही. वायरिंगचे काम जाणणाऱ्यांनी दोन रविवार दिले तर मजुरी वाचेल. कार्यालय रोज संध्याकाळी 7 ते 9, सोमवारी बंद. शेवटची तारीख 31 मे. हिशेब नेहमीप्रमाणे ऑगस्टच्या सभेत मांडला जाईल.

ज्यांना आधी खोली पाहायची आहे, त्यांनी शनिवारी दुपारी चार वाजता यावे. लहान गटाचा वर्ग सुरू असतो. चपला बाहेर काढाव्यात आणि मधेच कुणाशी बोलू नये, कारण त्या वेळी शिकवणारा मुलगा एकेका पोराला विचारत असतो, ‘‘तुला काय दिसले, आणि तू सांगितले का?’’

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)
नागपूर