शासन निर्णय निघण्याआधी आम्हाला वाचायला द्या : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : शासन निर्णयाचा मसुदा आधी प्रसिद्ध करण्याबाबत आणि निर्णय फिरवताना त्याची कारणे नमूद करण्याबाबत.

महोदय,

मी एका पंचायत समितीत वरिष्ठ सहायक होतो आणि ३० जून २०२५ रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. सेवेची शेवटची काही वर्षे शिक्षण विभागाचे टेबल माझ्याकडे असल्याने मंत्रालयातून निघालेला कागद तालुक्यात पोहोचल्यावर त्याचे काय होते, हे मी रोज पाहत आलो. हे पत्र आपल्या पदाला उद्देशून आहे. ज्या निर्णयांविषयी मी लिहिणार आहे ते वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांच्या काळातले आहेत आणि त्यांतला दोष एकाच पक्षाच्या पदरात टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मी निवृत्त झालो त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे २९ जूनला, पहिलीपासून हिंदी शिकवण्याविषयीचे दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याची घोषणा झाली. पहिला निर्णय १६ एप्रिलचा होता. त्यात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवीपर्यंत तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य करण्यात आली होती. आठवडाभरातच 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती दिल्याचे मंत्रिमहोदयांनी सांगितले. १७ जूनला दुसरा निर्णय आला, त्यात 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला आणि हिंदीऐवजी दुसरी एखादी भारतीय भाषा शिकायची असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट आली. मग दोन्ही निर्णय रद्द झाले आणि अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. पहिल्या कागदापासून शेवटच्या घोषणेपर्यंत ७४ दिवस गेले. या दिवसांत मुख्याध्यापकांचे फोन घेणे हे माझ्या टेबलाचे जवळजवळ एकमेव काम होते, आणि त्या प्रत्येकाला मी एकच उत्तर देत होतो : वरून स्पष्ट सूचना आल्या की कळवतो.

हिंदी पहिलीपासून असावी की नसावी, या वादात मला इथे शिरायचे नाही. माझे मत ती नसावी असे आहे, पण ते तूर्त बाजूला ठेवतो. मला खटकते ती क्रमवारी. भाषातज्ज्ञांशी, शिक्षकांशी, पालकांशी बोलण्यासाठी समिती नेमली ती निर्णय रद्द करताना. निर्णय काढताना तशी गरज कोणालाच वाटली नाही. शासनाची स्वतःची भाषा सल्लागार समिती अस्तित्वात होती. एप्रिलचा निर्णय निघाल्यावर तिच्या अध्यक्षांनाच तो मागे घ्यावा म्हणून मुख्यमंत्र्यांना पत्र लिहावे लागले. घरातल्या माणसाला घरातली गोष्ट वर्तमानपत्रातून कळावी, तसा हा प्रकार झाला.

याच्या आदल्या वर्षी गणवेशाचे झाले. शाळा व्यवस्थापन समितीकडे एका गणवेशाला ३०० रुपये या दराने पैसे येत आणि समिती गावातल्या किंवा जवळच्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. त्यात गैरप्रकार होत नव्हते असे मी म्हणणार नाही; काही ठिकाणी होत होते आणि त्याच्या तक्रारी माझ्याच टेबलावर येत. पण त्यावर उपाय म्हणून 'एक राज्य, एक गणवेश' आले, कापडाची खरेदी राज्य पातळीवर गेली आणि शिलाई महिला बचत गटांकडे आली. आमच्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत ते गठ्ठे उतरले तेव्हा स्वातंत्र्यदिन होऊन गेला होता. एका मुख्याध्यापिकेने माझ्यासमोर गठ्ठा सोडला. तिसरीच्या मुलासाठी आलेला सदरा तिने सोबत आणलेल्या मुलाच्या अंगावर धरून पाहिला, तो त्याच्या गुडघ्यापर्यंत पोहोचला. पोरगा हसला, मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. म्हणजे आम्ही जिथून निघालो होतो तिथेच परत आलो, मधले शैक्षणिक वर्ष मात्र त्या मुलांचे गेले. हा निर्णय काढण्यापूर्वी राज्यातल्या शंभर मुख्याध्यापकांना नुसते विचारले असते, तरी एका तालुक्यातल्या एवढ्या शाळांची मापे जूनच्या आत गोळा होणार कशी, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच बैठकीत काढला असता.

शिक्षण विभाग माझ्या ओळखीचा म्हणून ही उदाहरणे आधी आली. इतर विभागांचेही फार वेगळे नाही. बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्थांचे पॅनेल ठरवणारा निर्णय ६ सप्टेंबर २०२३ रोजी निघाला आणि ऑक्टोबर संपायच्या आत रद्द झाला. एक रुपयात पीक विमा २०२३च्या खरिपापासून सुरू झाला आणि २०२५ मध्ये बंद होऊन शेतकऱ्याच्या वाट्याला पुन्हा हप्त्याची टक्केवारी आली. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. त्यानंतर काही दिवसांतच वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली, पाच एकर जमिनीची अट निघाली, अधिवास प्रमाणपत्राला पर्याय आले आणि अर्जाची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. अटी सैल झाल्या याचे मला वाईट वाटत नाही, कित्येक गरजू बायकांना त्यामुळेच लाभ मिळाला. पण लाभार्थ्यांची पडताळणी आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) हे सारे पैसे कित्येक महिने खात्यांत जमा झाल्यावर सुरू झाले. अर्ज भरताना जी तपासणी करायला अंगणवाडी सेविकांना आणि आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांना उसंत दिली गेली नाही, तीच नंतर बायकांना पुन्हा रांगेत उभे करून करावी लागली.

सरकार बदलल्यावर फिरणाऱ्या निर्णयांची गोष्ट आणखी निराळी आहे. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. नगराध्यक्षांचेही तसेच. बाजार समितीच्या निवडणुकीत शेतकऱ्याला थेट मतदानाचा हक्क दिला, काढला आणि पुन्हा देण्याचे ठरवले. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांचे मानधन २०१८ मध्ये सुरू झाले, २०२० मध्ये थांबले, २०२२ मध्ये पुन्हा चालू झाले. मेट्रोची कारशेड आरेतून कांजूरमार्गला गेली, उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकली आणि शेवटी आरेतच परतली. महापालिकांच्या प्रभागांत किती सदस्य असावेत हे तर एकाच कार्यकाळातही फिरले : २०१७ ला चार, मग एक, मग तीन, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा चार. मुंबईत नगरसेवकांची संख्या २२७ ची २३६ आणि २३६ ची परत २२७ झाली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधली जवळपास चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, हे त्याचे मोठे कारण, ते नाकारता येणार नाही. पण त्याच वेळी प्रभागांची गणिते फिरवत राहण्याची सक्ती कोणत्याही न्यायालयाने केलेली नव्हती.

लोकांनी सरकार बदलले की धोरण बदलणार, हे मला मान्य आहे. निवडणुका त्यासाठीच असतात. माझी तक्रार अशी की, यांतला कोणताही कागद उघडला तर आधीचा निर्णय का चुकला होता, याचा त्यात मागमूस सापडत नाही. प्रस्तावनेत 'संदर्भाधीन शासन निर्णयान्वये' अशी सुरुवात होते, पुढे 'ही बाब शासनाच्या विचाराधीन होती' हे ठरलेले वाक्य येते आणि मग थेट 'अधिक्रमित करण्यात येत आहे', म्हणजे जुना निर्णय मोडीत काढून नवा लागू. विचारात काय घेतले, वित्त विभागाचे म्हणणे काय होते, जुन्या पद्धतीने किती गावांत काय अडचण आली, यावर एक ओळही नसते. थेट निवडलेला सरपंच आणि विरोधी बहुमताची ग्रामपंचायत यांच्यात ठराव अडकल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. उलट बाजूने, सदस्यांची पळवापळवी थेट निवडणुकीमुळे थांबल्याचेही पाहिले आहे. या दोन्हींचे माप राज्याने काढले असेल, तर ते ज्या कागदावर लोकांनी वाचायला हवे त्यावर का येत नाही?

ही मागणी मी पदरचे काही जोडून करत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ (१) (ग) प्रमाणे, जनतेवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि त्याच्याच पुढचे (घ) बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे द्यायला सांगते. या कायद्याच्या फलकांना आम्ही कार्यालयात दरवर्षी नवा रंग दिला. केंद्र सरकारने २०१४ मध्ये कायद्यांच्या मसुद्यांसाठी पूर्वसल्लामसलतीचे धोरण ठरवले, त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असे म्हटले आहे. आपल्याकडे विधेयकांच्या बाबतीत निदान सभागृह असते. शासन निर्णय मात्र कोणत्याही सभागृहात न जाता 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने' थेट निघतो, म्हणून त्याला अशा धोरणाची गरज अधिक आहे.

हे जमते, याचे अलीकडचे उदाहरण या सरकारच्याच काळातले आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, लोकांकडून हजारो सूचना आल्या आणि विधेयकाचा हेतू सांगणारा मजकूर त्यानंतर बदलला. ते विधेयक मला आजही पटलेले नाही. पण काय बदलले आणि काय तसेच राहिले हे मला मसुदा आणि मंजूर मजकूर शेजारी ठेवून वाचता आले, आणि विरोध नेमका कशाला करायचा ते ठरवता आले.

जुने उदाहरण हवे असेल तर रोजगार हमीचे घ्यावे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात आधी प्रयोग करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात त्याचा कस लागला, १९७५ मध्ये पैशाची सोय म्हणून व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मी पगारपत्रके करत होतो तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर लावत असे. नवा लागलेला मुलगा 'हे कशाचे?' म्हणून विचारी, तेव्हा त्याला सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीतरी असे. गणवेशाच्या गठ्ठ्यांविषयी त्यानेच विचारले असते, तर मी काय सांगणार होतो?

आक्षेप मला ठाऊक आहेत. अतिवृष्टीची मदत, साथीचे आजार, धरणाचे पाणी सोडणे अशा बाबतींत ३० दिवस कोण थांबणार? कोणी थांबू नये. तातडीचे निर्णय तसे लिहून वगळावेत. सूचना मागवल्या की संघटित मंडळीच लिहितात आणि बाकीचे गप्प बसतात, हाही आक्षेप खरा आहे, आणि त्यावर माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. निदान ग्रामपंचायतीच्या फलकावर मसुद्याचा एक पानी मराठी सारांश लागला आणि ग्रामसभेत तो वाचला गेला, तर गप्प बसणाऱ्यांतले काही बोलतील. राहिला विलंबाचा मुद्दा. हिंदीचा मसुदा १६ एप्रिलला निर्णय म्हणून न काढता सूचनांसाठी ठेवला असता, तर मेच्या मध्यावर शासनाला लोकांचे म्हणणे कळले असते आणि शाळा जूनमध्ये निश्चिंतपणे उघडल्या असत्या.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की, ज्या शासन निर्णयाचा परिणाम एकाहून अधिक जिल्ह्यांतल्या नागरिकांवर होणार आहे, त्याचा मसुदा शासनाच्या संकेतस्थळावर किमान ३० दिवस ठेवण्याचा दंडक सामान्य प्रशासन विभागाने घालून द्यावा. अंतिम निर्णयासोबत वित्त विभागाचा अभिप्राय आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा जोडावा. आणि आधीचा निर्णय अधिक्रमित करताना तो का टाकून दिला, याचा एक परिच्छेद प्रस्तावनेत सक्तीचा करावा, मग आधीचा निर्णय आपल्याच सरकारचा असो की विरोधकांचा. आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर निघणाऱ्या निर्णयांना तर या दंडकातून मुळीच सूट नसावी.

माझ्या जागी आता एक तरुण मुलगी बसते. परवा काही कामानिमित्त कार्यालयात गेलो होतो, तेव्हा तिने एकाच विषयावरचे तीन शासन निर्णय आणि एक शुद्धिपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "काका, यातला चालू कोणता?" मी तारखा पाहून सांगितले. मग तिने विचारले, "आणि आधीचे का बदलले?" त्याचे उत्तर चारही कागदांत कुठे नव्हते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वरिष्ठ सहायक, पंचायत समिती